सर्व्हरची अमावास्या

'मशीन आपणहून सेटिंग बदलत नाही' हे वाक्य मी तीन वेळा लेखी दिलेलं आहे. खाली सही, आणि सहीखाली 'सर्व्हर अभियंता' असा शिक्का. तो शिक्का मी डहाणूत स्वतःच करून घेतला होता. माझं शिक्षण बघता अभियंता या शब्दाला हात लावायचाही मला अधिकार नव्हता. पण शिक्का उमटला की माणसाला स्वतःचंच खरं वाटायला लागतं. ते वाक्य तिन्ही वेळा चुकीचं होतं, आणि ते भोवलं मात्र दुसऱ्याच माणसाला.

गोष्ट दोन हजार पंधरापासूनची. आमच्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेच्या कॉम्प्युटरांचं काम माझ्याकडे होतं. संस्थेचं नाव सांगत नाही, सांगितलं तर माझ्यावर अजून एक ठराव होईल. मुख्य कार्यालय सरावलीला, दुसरं तलासरीला, आणि शाळा पाड्यापाड्यांवर. सगळ्या मुलांचे दाखले, निकाल, जन्मतारखा एका जुनाट सॉफ्टवेअरमध्ये होत्या. ते इतकं जुनं की नवीन कॉम्प्युटरवर चालायलाच तयार नाही. म्हणून मी अख्खा जुना कॉम्प्युटरच उचलला आणि सर्व्हरच्या पोटात व्हर्च्युअल मशीन करून ठेवला.

हे मी कार्यकारिणीच्या सभेत समजावून सांगितलं. म्हटलं, खऱ्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा एक कॉम्प्युटर, जो हाताला लागत नाही पण काम करतो. घरमालकाच्या घरात भाडेकरू राहतो तसा. चूल त्याची, भिंती मालकाच्या.

अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे तो दुसरा खोटा?"

"तसं म्हणता येईल."

"अरे भाई, आपण तर खरा मागवला होता!"

सचिवांनी इतिवृत्तात लिहून टाकलं, 'खोटा संगणक पुरवल्याचे संबंधितांनी मान्य केले.' ते वाक्य खोडायला मला पुढच्या दोन सभा खर्ची घालाव्या लागल्या.

सर्व्हर दोन होते. दोन्ही वापीकडच्या कारखान्यांनी 'आता याचं काय करायचं' म्हणून देणगी दिलेले. एक सरावलीला, एक तलासरीला. कंपन्या वेगळ्या, पिढ्या वेगळ्या, आवाज वेगळे. सरावलीचा सर्व्हर सचिवांच्या कपाटात असायचा, आणि सचिव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, आपल्या कपाटाची किल्ली देवालाही द्यायचे नाहीत. त्यात फक्त एक प्रत राहायची. खरं काम तलासरीच्या सर्व्हरवर चालायचं, आणि ते सांभाळायची एक ताई.

ताई किनाऱ्यावरच्या चिखले गावची. घर मच्छीमारांचं. वडील आणि भाऊ बोटीवर, आई डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासे विकणारी. घरात खुर्चीत बसून काम करणारी ही पहिलीच, त्यामुळे घरचे तिच्या नोकरीबद्दल असे बोलायचे की जशी ती कलेक्टरच आहे. नोकरी होती अकरा महिन्यांच्या कराराची. दर जूनमध्ये कार्यकारिणीने हात वर केले तर पुढचे अकरा महिने. दोन गाड्या बदलून ती रोज तलासरीला यायची आणि माझ्याआधी पोचायची. मी काही सांगितलं की वहीत लिहून घ्यायची. मला ते फार आवडायचं. आमच्या घरी माझं बोलणं कोणी ऐकतही नाही, लिहून घेणं तर लांबच.

आता अध्यक्षांबद्दल. त्यांचे ट्रक होते. अच्छाडच्या नाक्याजवळ रांगेने उभे असायचे. दर अमावास्येला प्रत्येक ट्रकला हार, नारळ, लिंबू-मिरची. त्यांच्या हिशेबी ज्याला वायर असते आणि जे चालून चालून तापतं ते वाहन. तलासरीला सर्व्हर आला तेव्हा त्यांनी फर्मान काढलं, "यालाही अमावास्येला नारळ पायजे. बराबर छे ने?" सगळे म्हणाले, बराबर छे. चाकाखाली लिंबू ठेवायचं, पण सर्व्हरला चाक नाही, म्हणून लिंबू-मिरची पुढच्या जाळीवर बांधली, जिथून मशीन श्वास घेतं.

पहिल्या पूजेला मी हजर होतो. अध्यक्षांनी नारळ फोडला आणि त्यातलं पाणी, बघता बघता, चालू सर्व्हरवर शिंपडायला हात उचलला. मी असा ओरडलो की शेजारच्या वर्गातली पोरं पाढे म्हणायची थांबली. "मेन स्विच! आधी मेन स्विच पाडा!" मग ताईला बाजूला घेऊन बजावलं, "ताई, नीट ऐका. पूजा करायचीच ना, मग आधी सर्व्हर रीतसर बंद करायचा, मग यूपीएस, मग भिंतीवरचा मेन स्विच. करंटचा थेंबही आत राहता कामा नये. माझी आज्ञा समजा." तिने लिहून घेतलं आणि त्या दिवसापासून एकदाही त्यात कसूर केली नाही.

काही महिने बरे गेले. मग एका अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. "सर, मोठा कॉम्प्युटर चालू झालाय, पण आतला उठत नाही." पडद्यावरचा इंग्रजी मजकूर तिने मला एकेक अक्षर करून वाचून दाखवला. मी मोटरसायकल काढली.

खरंच उठत नव्हता. मी व्हर्च्युअल मशीनची प्रत डिस्कवर घेतली, डिस्क जेवणाच्या पिशवीत घातली, सरावली गाठली. तिथे सचिवांच्या कपाटात पाच मिनिटांत सुरू! पुन्हा तलासरी, पुन्हा मढं. तीन दिवस माझ्या या फेऱ्या चालल्या. भाडेकरू एका घरात हसतखेळत राहतो आणि दुसऱ्या घराचा उंबरा ओलांडला की त्याला फीट येते, म्हणजे दोष घराचा, एवढं शेंबडं पोरही सांगेल. पण मी अभियंता! मी त्या बिचाऱ्या भाडेकरूचेच हातपाय ओढत बसलो. त्याचं नेटवर्क कार्ड काढ, त्याची डिस्क बदल, त्याला सांग की तू दुसऱ्याच प्रोसेसरवर आहेस. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

चौथ्या दिवशी सर्व्हर सुरू होताना जो निळा पडदा येतो, त्यात शिरलो. तिथे एक सेटिंग असते. आपल्या पोटात दुसरा कॉम्प्युटर ठेवायची प्रोसेसरला परवानगी आहे की नाही, एवढंच ती सांगते. ती बंद होती. मी चालू केली, आणि आतलं मशीन शहाण्यासारखं उठून बसलं.

मला आनंद व्हायच्या आधी राग आला. ही सेटिंग मीच स्वतः चालू केली होती. मग बंद कोणी केली? खोलीत येतं कोण? ताई. झालं! कागद घेतला, लिहिलं, 'मशीन आपणहून सेटिंग बदलत नाही. सेटिंगमध्ये बदल केलेला आढळला.' खाली शिक्का हाणला.

सचिवांनी ताईकडून खुलासा मागवला. ती मला म्हणाली, "सर, मी तो निळा पडदा आजवर बघितलाही नाही."

"मग काय भूत येऊन बदलून गेलं?" मी म्हणालो. वर हसलोही.

अध्यक्षांना मात्र भूत पटलं. "आदल्या दिवशी अमावास्या होती ने? मंग! पूजा कमी पडते." नारळ एकाचे दोन झाले. अगरबत्तीच्या जागी धूप आला. दहा मिनिटांत आटपणारा कार्यक्रम अर्ध्या सकाळवर गेला, आणि तेवढा वेळ ताई माझ्या आज्ञेप्रमाणे मेन स्विच पाडून शेजारी हात जोडून उभी राहायची.

वर्षभराने दुसऱ्यांदा तेच. तोच मजकूर, तीच सेटिंग, माझा तोच रिपोर्ट. या वेळी मी हुशारी केली. निळ्या पडद्याला पासवर्ड लावला. माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. आता बघतो कोण हात लावतं ते!

तिसऱ्यांदा मशीन पडलं तेव्हा मी पासवर्ड टाकायला बसलो, तर पडदा तसाच उघडला. पासवर्डच नाही! कोणालाही वाटलं असतं की बाबा, जिथे कुलूपही नाहीसं होतं तिथे काहीतरी वेगळंच चाललंय. मला वाटलं, ही बाई भलतीच पोचलेली आहे. दिसायला साधी, पण सर्व्हरचा पासवर्ड तोडते! मी रिपोर्टात लिहिलं, 'पासवर्ड निष्प्रभ करून सेटिंग बदलण्यात आली आहे.' लिहिताना मला तिच्याबद्दल थोडा आदरही वाटला होता, हे आज सांगायला लाज वाटते.

सचिवांनी सर्व्हरच्या झाकणाला लाखेचं सील ठोकलं, संस्थेच्या मोहरेसकट, आणि ताईला सांगितलं की फाइलीत तीन रिपोर्ट झालेत, जूनच्या सभेत करार वाढणं कठीण आहे. त्या दिवशी ती जेवली नाही. डबा तसाच घेऊन घरी गेली.

दोन हजार अठराचा जून. दहावीचा निकाल लागलेला, मुलांना अकरावीला जायला शाळा सोडल्याचे दाखले हवे होते. आणि नेमकं अमावास्येनंतर मशीन चौथ्यांदा आडवं. मी गेलो, सेटिंग चालू केली, आतलं मशीन उठवलं, पिशवी उचलली. ताईने छापलेले दोन कागद माझ्यापुढे धरले.

"सर, हे बघा. या मुलाने शाळा सोडली त्याचा जन्म व्हायच्या आधी."

दाखल्यावरची तारीख खरंच कित्येक वर्षं मागची होती. मी म्हटलं, "घड्याळ चुकलंय, नीट करून घ्या."

"दर वेळी मीच नीट करते. पण सर, चारही वेळा तारीख मागे गेली आणि चारही वेळा तीच आली. एक जानेवारी, तेच साल. मी वहीत टिपून ठेवलंय. मला मुद्दाम बिघडवायचंच असतं तर दर वेळी तीच तारीख कशाला टाकली असती?" मग म्हणाली, "आमच्या घरी टेबलावरचं घड्याळ आहे. सेल सैल झाला की तेही पुन्हा बारापासून सुरू होतं."

मी पिशवी खाली ठेवली. हात्तिच्या! प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसताना तोच सगळं लक्षात ठेवतो, तारीख, सेटिंग, पासवर्ड. सेल मेला की मशीन जन्मल्या दिवशी जसं होतं तसं होतं. आणि मशीन आलं होतं कारखान्याच्या भंगारातून. लाईट जायची तेव्हा यूपीएस त्याला धरून ठेवायचा. पण मेन स्विच अर्धी सकाळ पाडला की त्याचा सगळा संसार पुसला जायचा. सुरुवातीला पूजा छोटी होती, सेलमध्ये धुगधुगी होती, म्हणून निभावलं. नंतरही अर्धमेला सेल कधी तग धरायचा, कधी मान टाकायचा, म्हणून दर अमावास्येला पडलं नाही. मशीन बिघडलं म्हणून पूजा वाढली, पूजा वाढली म्हणून मशीन बिघडलं. सरावलीत सगळं ठीक, कारण तिथे कपाटाला कुलूप आणि देवाला प्रवेश नाही.

तरी खात्री करायला मी स्विच पाडून दुपारपर्यंत बसलो. नारळ नाही, धूप नाही, ताई माझ्यासमोर खुर्चीत. पुन्हा चालू केलं. सेटिंग गेलेली, तारीख एक जानेवारी. मी आनंदाने टाळी वाजवली! तीन वर्षांचं कोडं सुटलं होतं.

ताईने टाळी वाजवली नाही. ती म्हणाली, "मग आता लिहून द्या ना सर. मी केलं नाही म्हणून."

"देतो म्हणजे काय! उद्याच देतो."

पण सेल बदलायला झाकण उघडायला हवं, झाकणावर सील, आणि सील फोडायला ठराव. एका नाण्याएवढ्या सेलसाठी कार्यकारिणीची तातडीची सभा तलासरीला बोलावली गेली. तोवर मशीन चालू ठेवायचं नाही असा सचिवांचा लेखी आदेश आला. व्हरांड्यात दाखल्यांसाठी पोरं आणि त्यांचे आईबाप ताटकळत होते, काही तर रोजंदारी बुडवून आलेले.

सभेत विषय चार होते. पहिला सेल, दुसरा ताईचा करार, तिसरा शौचालयाचं दार, चौथा माझं पुढच्या वर्षाचं काम. मी रिपोर्ट वाचला. नीट लिहिला होता. सेल निकामी, वीज पूर्ण तोडल्यावर सेटिंग जाते, कोणीही फेरफार केलेला नाही. ते शेवटचं वाक्य मी मोठ्याने वाचलं. ताई दाराशी उभी होती, तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

अध्यक्षांचा चेहरा मात्र उतरला. "वीज तोडतात कधी? पूजेला? म्हंजे पूजेमुळे झालं असं बोलायचंय?"

सचिवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पूजेमुळे नव्हे," ते म्हणाले, "स्विचमुळे."

सगळ्यांनी श्वास सोडला. अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. "तेच म्हणतो मी! ट्रकची पूजा करताना मी काय बॅटरी काढतो? स्विच पाडायचं काय काम? कोण पाडत होतं?"

"मी," ताई म्हणाली.

"आन हे शहाणपण तुला कोणी शिकवलं, बेन?"

तिने माझ्याकडे बघितलं. एकदाच. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, 'मी सांगितलं होतं, आणि तुम्ही पाणी शिंपडत होता म्हणून सांगितलं होतं.' फार लांब वाक्य नाही. पण चौथा विषय अजून व्हायचा होता. मी कप उचलला. चहा संपलेला होता, तरी मी प्यायलो.

"कोणी नाही," ती म्हणाली. "मलाच वाटलं."

सचिवांनी ते शब्द लिहून घेतले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी शाळेत शिकलो होतो, त्या दिवशी चोराच्या खुर्चीत बसून बघितलं. विषय दोन, 'परस्पर विद्युतपुरवठा खंडित केल्याबद्दल करार वाढवू नये', एकमताने मंजूर. विषय चार, माझं काम पुढे चालू, तेही एकमताने. शौचालयाच्या दारावर मात्र तासभर मतभेद झाले.

सभा संपताच सील फुटलं. सेल बाजारातल्या घड्याळजीकडे मिळाला. बदलायला पाच मिनिटं लागली, त्यातली तीन मिनिटं सीलची लाख खरवडण्यात गेली. आतलं मशीन उठलं आणि ताई खुर्चीत बसून दाखले छापायला लागली. शेवटचा दिवस होता तिचा, तरी रांगेतलं शेवटचं पोर जाईपर्यंत बसली, असं मागून कळलं. मी लवकर निघालो. म्हटलं, मला पुढे काम आहे. काम काहीच नव्हतं. तिच्यासमोर उभं राहवत नव्हतं.

तिच्या जागी अध्यक्षांच्या मेव्हण्याचे जावई आले. पूजा चालूच राहिली, फक्त स्विच न पाडता आणि पाणी न शिंपडता, म्हणजे जशी पहिल्या दिवसापासून करता आली असती तशी. नवा सेल ठणठणीत होता, मशीन पुन्हा पडलं नाही. अध्यक्ष वार्षिक सभेत म्हणाले, "बघा, बाई गेली आणि मशीन सुधारलं." टाळ्या पडल्या. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ, एवढं म्हणण्याचीही माझ्यात धमक नव्हती. मीही दोन टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी घोलवडला एका दुकानाचं काम निघालं. चिखल्यावरून जाताना किनाऱ्याला बांबूंवर बोंबील वाळत होते आणि ताई ते उलटत होती. मी गाडीचा वेग वाढवला, खोटं कशाला बोलू. पण तिने ओळखलं. "सर! ओ सर!"

थांबावं लागलं. तिने ओढणीला हात पुसले आणि आधी विचारलं, "मशीन चालतंय ना?"

"चालतंय."

"तारीख बरोबर येते?"

"येते."

तिला खरंच बरं वाटलं. ते बघून माझ्याच्याने राहवेना. मी म्हणालो, "ताई, सभेत तुम्ही माझं नाव का नाही घेतलं? घ्यायला हवं होतंत. माझीच चूक होती."

"तोंडावर आलं होतं सर," ती म्हणाली. "पण बाहेर पोरं उभी होती. तुम्हालाही काढलं असतं तर ते झाकण उघडलं कोणी असतं?" तिने एक बोंबील उलटला, मग दुसरा. "मला वाटलं, मशीन सुरू झालं की तुम्ही स्वतः जाऊन अध्यक्षांना खरं सांगाल. म्हणून तर मी एवढी थांबले. पोरं चारलाच गेली होती. मी साडेसहापर्यंत बसले होते."